दहा बादल्यांतला आकडा

...आणि वर मला म्हणतात, ‘जावईबापू, घाबरताय कशाला? उत्तर एकच आहे!’ अहो, एकच आहे म्हणूनच तर माझी पाचावर धारण बसली होती ना! दहा-वीस उत्तरं असती तर एखादं चुकूनमाकून हाताला लागलं असतं. एकच! आणि ते एक कशाच्या ढिगाऱ्यात, तर म्हणे शून्यापासून नऊपर्यंतचे दहा अंक घ्या, प्रत्येक एकेकदाच वापरा, की मांडण्या होतात छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे! हा हिशेब मला कुठे ऐकवला? तीन डिग्रीत! बंद दाराच्या आत! माझे दात वाजतायत, आणि समोर अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला सत्तरी ओलांडलेला माणूस हसतमुखाने सांगतोय, छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे, आणि त्यातली बरोबर एक!

तुम्हाला सांगतो, मला भीती कशाकशाची वाटते ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कोणी हसायचं नाही. पाल, लिफ्ट, दातांचा डॉक्टर आणि आकडे. आकडे सगळ्यात वर. साप परवडला, साप निदान आपल्या वाटेने निघून जातो... आकडा जातो कुठे? माझा धंदा फुलांचा. दुकान बायकोचं, गुच्छ माझे. गिऱ्हाईक म्हणतं पंचवीस गुलाब, मी मूठ बांधतो, मूठ भरली की पंचवीस झाले! आजवर कधी चुकलं नाही. म्हणजे चुकलं असेल, पण मोजतो कोण?

आणि असल्या माणसाला सासरे कोण मिळावेत? गणिताचे प्राध्यापक! रिटायर झालेले, पण ते नोकरीतून, गणितातून नाही. मी त्यांना बाबा म्हणतो, ते मला जावईबापू म्हणतात, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी अहो-जाहो. माणूस देवासारखा हो! कधी चढा आवाज नाही. फक्त एक आहे... यांच्या घरात आकडा पाठ करत नाहीत. लिहूनही ठेवत नाहीत. ‘जावईबापू, आकडा लिहिला की त्याच्याशी आपलं बोलणं संपलं. आकडा ओळखायचा असतो!’ आता ओळखायचा म्हणजे कसा? तर समजा, खालच्या मजल्यावरच्या काकूंचं नाव तुम्हाला आठवत नाही, पण त्या चष्मा लावतात, सारख्या खोकतात, मुलगी डॉक्टर आहे, हे सगळं आठवतं... तसं! बाबांना एखाद्या आकड्याची सात पिढ्यांची माहिती असते. फक्त तो आकडा आठवत नाही.

तर झालं असं की दुकानामागे आमची कोल्ड रूम आहे. फुलं ठेवायची खोली. स्टीलच्या भिंती, जाडजूड दार, आत कायम तीन डिग्री. गेल्या वर्षी तिच्यातून फुलं चोरीला जायला लागली. ही म्हणाली, चांगलं कुलूप बसवून घेऊ. बाबा म्हणाले, मी बघतो. आणि बाबांनी काय बघावं? कुलूपवाला आला, बटणांचं कुलूप घेऊन, म्हणाला, ‘सर, बाहेरून नंबर दाबायचा, दार उघडतं. आतून नुसतं हँडल.’ तर बाबा म्हणतात, ‘आतून नुसतं हँडल? मग चोर आत शिरला तर आरामात बाहेर जाईल की! आतूनही बटणं लावा. चोर आत राहिला पाहिजे!’ अहो, चोर आत शिरणारच नाही म्हणून कुलूप ना? पण नाही! भल्या माणसाने चोर आत आलाय असं गृहीत धरलं आणि त्याची सोय करून ठेवली! कुलूपवाला डोकं खाजवत म्हणाला, ‘बसवतो साहेब. फक्त एक लक्षात ठेवा, तीनदा नंबर चुकला की कुलूप बंद पडतं, मग आमचा माणूस येईपर्यंत काही होत नाही.’ बाबा खूश! ‘उत्तम! चोराला तीनच संधी.’

आणि नंबर कुठला ठेवला? दहा अंकी! मी म्हटलं, ‘बाबा, हिचा वाढदिवस ठेवू या.’ बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी प्लॅस्टिकचं फूल विकायला आणलंय. म्हणाले, ‘जावईबापू, ऐका. दहा अंक, प्रत्येक एकदाच. पहिले दोन अंक मिळून जो आकडा होतो त्याला दोनने भाग जातो. पहिल्या तिनांना तीनने. पहिल्या चारांना चारने. असं करत करत दहाच्या दहा अंकांना दहाने! असा आकडा जगात एकच आहे. तुम्ही विसरलात तरी आकडा विसरत नाही. कुठेही बसा, काढा, उत्तर एकच येणार!’ ही हसली आणि तिथल्या तिथे तिने तो पाठ करून टाकला, बापाला न सांगता. मी? मी मोबाइलमध्ये घालून ठेवला, दोघांनाही न सांगता. आणि रोजचं म्हणाल तर दाराला एक पाण्याची बादली टेकवून ठेवायची, दार लागतच नाही, कुलपाची वेळच येत नाही!

त्या शनिवारी दुपारी काय झालं... ही गाडी घेऊन शेजारच्या गावी गेली, कुठल्या तरी हॉलची सजावट होती, येणार दुसऱ्या दिवशी. दुकान अर्धा दिवस बंद. मी कोल्ड रूममध्ये उरलीसुरली फुलं आवरत होतो, मोबाइल बाहेर काउंटरवर. बाबा फिरत फिरत आले, ते तर मोबाइल बाळगतच नाहीत, ‘काय जावईबापू, काय चाललंय?’ आत आले. आणि दाराशी थांबून म्हणतात, ‘अहो, हे दार उघडं कशाला? केवढी थंडी वाया जातेय!’ आणि पायाने, अगदी अलगद, मुंगीला लागू नये इतक्या हळू... ती बादली बाजूला सरकवली.

खट्!

तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात पुष्कळ आवाज ऐकलेत, पण त्या खट्ने माझ्या तोंडचं पाणी पळालं ते अजून पूर्ण परत आलेलं नाही. मी म्हटलं, ‘बाबा... दार लागलं.’ ते म्हणाले, ‘लागणारच. चांगलं दार आहे.’ म्हटलं, ‘बाबा, नंबर?’ ते म्हणाले, ‘आहे ना!’ म्हटलं, ‘सांगा.’ तर म्हणतात, ‘पहिल्या दोन अंकांना दोनने भाग जातो, पहिल्या तिनांना...’ म्हटलं, ‘ते झालं हो, आकडा! आकडा काय?’ तर शांतपणे, ‘तो काढावा लागेल. घाबरू नका. उत्तर एकच आहे, जावईबापू!’

मी दार बडवलं. बोंब मारली. भिंती एवढ्या जाड की माझी बोंब मलाच परत मिळाली! आणि मग डोक्यात एकेक यायला लागलं. उद्या रविवार, दुकान उघडणार नाही. ही परत आली तरी थेट घरी जाणार. आम्ही घरी नाही म्हटल्यावर तिला काय वाटेल, सासरे-जावई भटकायला गेले असतील! आम्ही इथे, जरबेऱ्याच्या दांड्यांबरोबर, ताजे! माझा गुच्छ कोण बांधेल हाही विचार आला, खोटं कशाला सांगू... कारण या धंद्यात माझ्याइतकं बरं बांधणारं गावात दुसरं कोणी नाही.

आणि घाबरलेला माणूस काय करतो? जे करू नये ते! मी बटणांकडे धावलो आणि एक-दोन-तीन-चार-पाच-सहा-सात-आठ-नऊ-शून्य... लाल दिवा! एक संधी गेली! बाबा मागून ओरडले, पहिल्यांदा चढा आवाज, ‘अहो काय केलंत! पहिल्या चार अंकांना चारने भाग तरी जातोय का ते बघायचं!’ जीव जायची वेळ, आणि हा माणूस चारने भाग बघतोय!

तेवढ्यात दिवे गेले.

गेले म्हणजे काय, त्या खोलीतले दिवे हालचालीवर चालतात. वीज वाचवायला. आत कोणी हललं नाही की बंद! आम्ही दोघं एकमेकांकडे बघत स्तब्ध उभे, दिव्याला वाटलं कोणी नाहीच. मिट्ट काळोख, पंख्याची घरघर, आणि काळोखातून बाबांचा आवाज, ‘जावईबापू, विचार करायला मला स्थिर उभं राहावं लागतं. तेव्हा हलण्याचं काम तुम्ही घ्या.’ म्हणजे बघा! ते गणित करणार आणि मी हात हलवत राहणार! मी दोन्ही हात वर करून, नाचऱ्या बाहुल्यासारखा... दिवे आले. तेव्हापासून सुटका होईपर्यंत मी थांबलो नाही हो. भीतीने थरथरत होतोच, त्यात आणखी वेगळं काय करायचं होतं?

कागद नाही. पेन नाही. भिंतीवर दव जमलं होतं, बाबांनी बोटाने लिहायला घेतलं, तर अंक ओघळून खाली! पाचाचा तीन दिसायला लागला. मग ते इकडेतिकडे बघून म्हणाले, ‘बादल्या किती आहेत?’ बादल्या दहा-बारा होत्या. ‘दहा मांडा ओळीने. एकेक बादली म्हणजे एकेक अंक. अंक जेवढा, तेवढी फुलं.’ मी म्हटलं, आता हे माझं काम! कार्नेशनचे गठ्ठे होते, लाल आणि पांढरे. बाबा म्हणाले, ‘दुसरी, चौथी, सहावी, आठवी, दहावी बादली, इथे सम अंकच हवा, नाहीतर दोनने, चारने, सहाने भाग जाणार कसा? तिथे पांढरी फुलं घाला. बाकीच्या ठिकाणी विषम. तिथे लाल.’ लाल, पांढरी, लाल, पांढरी... मी म्हटलं, दिसायला छान दिसतंय. ते म्हणाले, ‘असणारच!’

‘आता दहावी बादली रिकामी. शून्य. त्याशिवाय दहाने भाग नाही. पाचव्या बादलीत पाच. का? पाचने भाग जायला शेवटी शून्य किंवा पाच लागतो, आणि शून्य तर आपण बसवलं!’ मी पाच लाल घातली. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला जरा बरं वाटलं. दहातले दोन मिळाले! म्हटलं, बाबा, चला, भराभर! तर त्यांना भराभर नको होतं हो! ते त्या पाचव्या बादलीकडे बघत उभे, चेहऱ्यावर असं हसू, जसं नातवाचं पहिलं पाऊल बघतायत. ‘किती सहज आला नाही? आपण बोलावलासुद्धा नाही.’ मी म्हटलं, ‘बाबा, तुमचे ओठ निळे पडलेत!’

पडले होते. तेव्हा पहिल्यांदा माझ्या काळजात खरं धस्स झालं. तोवर मी माझ्यासाठी घाबरत होतो. माझ्या अंगात निदान जाड शर्ट होता, वर चरबी आहे, देवाने दिलेली. हा माणूस म्हणजे नुसती काडी. मी माझा शर्ट काढून त्यांच्या अंगावर घातला, नको नको म्हणत होते, ऐकलं नाही. फुलं गुंडाळायचा कागद होता तो त्यांच्या छातीभोवती गुंडाळला, वर सुतळी बांधली, आणि सवयीने पुढे रिबिनीचं फूलही बांधलं. त्यांनी खाली बघितलं. ‘जावईबापू, कोणाकडे पाठवताय मला?’ हसले, पण दात वाजत होते.

मग ते भराभर सांगायला लागले. तेव्हा मला कळलं की तेही घाबरलेत. ‘चौथ्या बादलीत दोन किंवा सहाच. लालच्या पाठोपाठ येऊन चारने भाग जाणारे पांढरे तेवढेच. आठव्यातही तसंच, दोन किंवा सहा. म्हणजे दुसऱ्यात आणि सहाव्यात चार आणि आठ उरले. आता बघा, पहिल्या तिघांना तीनने भाग जातो, पहिल्या सहांनाही जातो, म्हणजे मधल्या तिघांनाही गेला पाहिजे. चौथा, पाचवा, सहावा. तर तिथे दोन-पाच-आठ, नाहीतर सहा-पाच-चार. तिसरं काही नाही!’ मी फुलं काढतोय, घालतोय, मधेच हात हलवतोय, दिवे सांभाळतोय...

दोन-पाच-आठ धरून दोन मांडण्या निघाल्या. बाबांनी डोळे मिटले, पुटपुटले, म्हणाले, ‘दोन्ही सातला पडल्या.’ म्हणजे काय, बाकी सगळ्यांनी भाग जातो, सात आडवा येतो! मग सहा-पाच-चार धरून आठ मांडण्या. त्यातली एक काय होती सांगू? नऊ-आठ-सात-सहा-पाच-चार-तीन-दोन-एक-शून्य! मी ओरडलो, ‘बाबा, हीच! हीच असणार, किती सुंदर दिसतेय!’ त्यांनी परत डोळे मिटले, ‘दिसते. पण सातने भागल्यावर पाच उरतात.’ अहो, एवढी सरळ ओळीत चालत आलेली मांडणी, आणि सात तिलाही सोडत नाही! सातचं आणि माणुसकीचं काय वाकडं आहे कोण जाणे. म्हटलं, ‘बाबा, तुम्हाला खात्री आहे ना, एक तरी उरेल?’ तर म्हणाले, ‘उत्तर एकच आहे... जावईबापू...’ पण आवाज खाली गेला होता.

चार मांडण्या त्यांनी पाडल्या. चार उरल्या. आणि ते उलट्या बादलीवर बसले. म्हणाले, ‘जरा डोळा लागतोय.’

मला एवढंच ठाऊक होतं की थंडीत झोप येणं वाईट. हे मी कुठेतरी ऐकलंय, कुठे ते विचारू नका. मी त्यांना हलवलं, ‘बाबा! बाबा, झोपू नका! सातने भागा! बाबा, सात!’ डोळे किलकिले करून म्हणतात, ‘सातने... तुम्ही भागा.’ मी! मी भागू! ज्याला बसचं तिकीट दोघांत वाटता येत नाही तो! माझी बोबडी वळली. म्हटलं, ‘बाबा, मला नाही येणार.’ त्यांनी माझा हात धरला... बर्फ हो, नुसता बर्फ... आणि म्हणाले, ‘आकड्याला घाबरू नका. तो तुम्हाला काही करत नाही. तो नुसता तिथे असतो.’ आणि डोळे मिटले.

तेव्हा सांगतो, मला रडू आलं. या माणसाने मला कधी विचारलं नव्हतं, तू किती शिकलास. मुलगी दिली, आणि त्या दिवसापासून अहो जावईबापू. आणि मी घरी जाऊन हिला काय सांगणार होतो? तुझे बाबा गेले, कारण मला सातने भागता येत नव्हतं? हे तोंड मी कुठे नेणार होतो?

भागायला लागलो! मोठमोठ्याने, म्हणजे त्यांना झोप लागू नये, आणि हात हलवत, म्हणजे दिवे जाऊ नयेत! पहिली मांडणी, एक लाल, आठ पांढरी, तीन लाल, सहा, पाच, चार, सात. अठराला सात, दुणे चौदा, उरले चार! त्रेचाळीस, सात सक बेचाळीस, उरला एक! सोळा, उरले दोन! पंचवीस, उरले चार! चव्वेचाळीस, उरले दोन! सत्तावीस, सात त्रिक एकवीस... उरले सहा. सहा! मेलो! म्हटलं, बाबा, सहा उरले! बाबा डोळे न उघडता, ‘पहिली... तिसरी... अदलाबदल.’ मी पहिल्या आणि तिसऱ्या बादलीतली फुलं बदलली. तीन, आठ, एक, सहा, पाच, चार, सात. अडतीसला सात, पाचे पस्तीस, उरले तीन. एकतीस, अठ्ठावीस गेले, उरले तीन. छत्तीस, पस्तीस गेले, उरला एक. पंधरा, चौदा गेले, उरला एक. चौदा... चौदा, सात दुणे चौदा! काही उरलं नाही! आणि शेवटी सात! साताला सात! बाबा, काही उरलं नाही हो! काही नाही उरलं! आयुष्यात पहिल्यांदा काही न उरल्याचा मला एवढा आनंद झाला!

पुढचं सगळं जागच्या जागी होतं, आठव्या बादलीत दोन पांढरी, नवव्यात नऊ लाल, दहावी रिकामी. मी सगळ्या बादल्या धडाधड दाराकडे ओढल्या, म्हणजे बघत बघत दाबता येईल. बोटं तर बधिर. एकेक बादली मोजायची आणि बटण दाबायचं. तीन लाल. सात पांढरी. एक लाल. सहा. पाच. चार. सात. दोन. नऊ. रिकामी.

लाल दिवा!

आई गं... दुसरी संधी गेली! म्हणजे भागाकार चुकला! चुकणारच, केला कोणी! आता उरली एक. ती चुकली की संपलं, सोमवारपर्यंत कोणी यायचं नाही, आणि बाबांची तर सोमवारची कशाला, संध्याकाळचीही खात्री नाही. मी त्यांच्या पायाशी बसलो, म्हटलं, ‘बाबा, माफ करा, चुकलो हो मी...’ आणि मी हलायचा थांबलो म्हणून दिवेही गेले. काळोखात बसलो होतो आम्ही. मी रडतोय. मग कुठून बुद्धी झाली कोण जाणे, एक हात वर केला. दिवे आले. बाबांचे डोळे उघडे होते. बादल्यांकडे बघत होते. आणि अगदी हळू म्हणाले,

‘दुसऱ्या बादलीत... पांढरी सात कशी?’

मी म्हटलं, ‘काय?’

‘सात विषम. विषम लाल असतं. दुसऱ्या जागी सात येऊच शकत नाही, जावईबापू. दोनने भाग नाही जायचा.’

मी खाली बघितलं. दुसऱ्या बादलीजवळ जमिनीवर एक पांढरं कार्नेशन पडलेलं, मान मोडलेलं. अहो, मीच काढून टाकलं होतं! बादली ओढताना त्याची मान मोडली आणि या हाताने, माझ्या नकळत, ते उपटून टाकून दिलं! इतक्या वर्षांची सवय! गिऱ्हाइकाला मान मोडलेलं फूल द्यायचं नाही! मी मरायला टेकलोय, सासरे मरायला टेकलेत, आणि हात मात्र धंदा करतोय! आठाचे सात केले मी! अहो, मोबाइलमधला आकडा वाचून दाबला असता आणि एक अंक चुकला असता, तर कोणाला कळलं असतं? इथे आकडाच सांगतोय की माझ्या या जागी हा कोण उपरा!

मी ते मोडलेलं फूल उचललं, परत बादलीत उभं केलं. आठ पांढरी. शेवटची संधी. तुम्हाला सांगतो, बोट बटणापर्यंत जाईना. जीव मुठीत, आणि मूठ बधिर. मी एकेक अंक ओरडत दाबला आणि प्रत्येक अंकाला बाबा मागून मान हलवत होते. तीन. आठ. एक. सहा. पाच. चार. सात. दोन. नऊ. शून्य.

हिरवा!

दार उघडलं आणि दुकानातली ती ऊब, ती साधी धुळकट ऊब अंगावर आली... मी बाबांना उचललं, अक्षरशः उचललं, त्या कागदासकट, रिबिनीसकट, आणि बाहेर उन्हात नेऊन खुर्चीवर बसवलं. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला हाका मारल्या. डॉक्टर आले, म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. दोन कप चहा गेल्यावर बाबांच्या ओठांना रंग आला आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील? ‘जावईबापू, सातचा भागाकार तुम्ही फार सुंदर केलात.’ आणि मी, मोठा घोडा, परत रडलो.

आता खरी गोष्ट ऐका. सोमवारी मी कुलूपवाल्याला बोलावला. म्हटलं, तिसऱ्यांदा चुकलो असतो तर आमचं मढंच निघालं असतं, काहीतरी करा! तो म्हणाला, ‘आतून, साहेब? आतून तीनदा चुकलं ना, की कुलूप बंद पडतं.’ म्हटलं, ‘तेच म्हणतोय मी!’ तर म्हणाला, ‘बंद पडतं म्हणजे त्याची पकड सुटते ना! दार आपोआप मोकळं! माणूस अडकला तर? सरांनी हट्ट धरला म्हणून आत बटणं दिली, पण तेवढी सोय मी गुपचूप करून ठेवली. नंतर दार लावलं की परत सुरू. एक-एक-एक कायपण दाबायचं तीनदा, मिनिटभरात बाहेर!’

मिनिटभरात! मी सुरुवातीला जसा वेड्यासारखा दाबत होतो, तसाच आणखी दोनदा दाबला असता...! सगळा अनर्थ कशाने झाला? अक्कल वापरल्याने!

मी त्याला चहा पाजला आणि हात जोडून म्हटलं, ‘हे आमच्या सासऱ्यांना सांगू नका.’ कारण काय आहे, बाबा हल्ली भेटेल त्याला सांगत असतात, त्या आकड्याने आमचा जीव वाचवला, आणि भागाकार जावईबापूंनी केला. हे सांगताना त्यांचा चेहरा बघा एकदा. तुम्ही सांगू शकाल? मला नाही सांगवलं. हिलाही नाही सांगितलं. तुम्हीपण कुठे बोलू नका.

पण बाबा गप्प बसतात का? परवा आले, म्हणाले, ‘जावईबापू, तो आकडा आता सगळ्यांना ठाऊक झाला. बदलला मी. त्याच जातीतला, पण पंचवीस अंकी! पहिल्या दोनांना दोनने, तिनांना तीनने, थेट पंचवीस अंकांना पंचवीसने. यात अंक परत परत येऊ शकतात, म्हणून जरा वेळ लागतो. आणि हा शेवटचा बरं का! याच्यापुढे सव्विसावा अंक कुठलाही लावून बघा, सव्विसने भाग जातच नाही. या जातीतला याहून मोठा आकडा नाही!’ मी म्हटलं, ‘वा, बाबा.’

माझं अडत नाही हो. मी एकटा असलो की तीनदा काहीतरी दाबतो आणि बाहेर येतो. पण काल काय म्हणाले... माझ्या खांद्यावर हात ठेवून, डोळ्यांत चमक... ‘जावईबापू, एखाद्या दुपारी दार लावून आत बसू या का? आपण दोघंच. सावकाश काढू.’

मी दोन स्वेटर आत नेऊन ठेवलेत.